थोरलीला चालतं

तीस वर्षं लोकांचे फ्रिज उघडून मिस्त्रींचं एक मत पक्कं झालं होतं. कुणाच्या घरी गेलं तर दिवाणखाना बघू नये, फ्रिज बघावा. दिवाणखाना पाहुणे यायच्या आधी तासभर आवरता येतो. फ्रिजमधली घाण तासाभरात निघत नाही.

त्या दिवशी मात्र ते हत्यारं घरी ठेवून, इस्त्रीचा शर्ट चढवून, लेकीला घेऊन तिच्या होणाऱ्या सासरी आले होते. मुलगा लेकीनेच पसंत केला होता आणि लग्न महिन्यावर आलं होतं. बायको तापाने पडलेली, त्यामुळे घर बघून यायची जबाबदारी एकट्या मिस्त्रींवर. "डोळे उघडे ठेवा आणि तोंड बंद ठेवा," एवढं तिने बजावलं होतं.

चहा निम्मा झाला नाही तोच विहीणबाई म्हणाल्या, "आता तुम्ही घरचेच. आमच्या फ्रिजरमध्ये बर्फाचा डोंगर होतोय बघा. जरा नजर टाकता का?"

मिस्त्रींना राग आला. व्याही डॉक्टर मिळाला असता तर बाईंनी चहाच्या कपाबरोबर नाडी पुढे केली असती. पण मुलीच्या बापाने किती बोलावं? त्यांनी राग गिळला आणि बाह्या दुमडल्या.

स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडलं आणि ओल्या फडक्यासारखा आंबूस वास नाकात घुसला. दाराच्या रबराच्या घडीत काळी बुरशी माजली होती. तिच्यात केस अडकलेले, आणि एक झुरळ पाय वर करून मेलेलं. वर फ्रिजरच्या खणात बर्फ इतका, की त्याचं झापड मिटत नव्हतं. तो बर्फही पांढरा नव्हता. कसलंतरी पिवळट पाणी त्यात गोठलं होतं, आणि जागोजागी खरवडल्याचे ओरखडे होते.

"मी सुरीनेच काढते," विहीणबाई म्हणाल्या, कुणी शाबासकी द्यावी अशा थाटात.

"सुरी एखाद्या दिवशी नळीत घुसेल, बाई. मग गॅस गेला आणि फ्रिजही गेला."

खालच्या कप्प्यात एक उघडी वाटी होती. भाजी असावी. तिच्यावर हिरवी लव आली होती. मिस्त्रींनी ती दोन बोटांत धरून केराच्या डब्याकडे नेली.

"अहो, राहू द्या, राहू द्या," विहीणबाई म्हणाल्या. "थोरलीला चालतं."

थोरली सून तिथेच सिंकपाशी कप विसळत होती. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नाही. तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त नळ थोडा मोठा केला.

"वरची बुरशी काढली की झालं," विहीणबाईंनी खुलासा केला. "शिळंपाकं सगळं चालतं तिला. नखरे नाहीत."

गटाराशेजारच्या टपऱ्यांमधले फ्रिज मिस्त्रींनी साफ केले होते, पण अशी किळस त्यांना कधी आली नव्हती. त्यांनी वाटी डब्यात उपडी केली. आणि याच घरात महिन्याभराने आपली लेक नांदायला यायची, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

मुलासोबत दारात उभे राहिलेले व्याही म्हणाले, "बिघाड काही नाही हो. थोरली दार उघडं टाकते, म्हणून बर्फ धरतो."

"बघू या की," मिस्त्री म्हणाले.

न सांगता, पाठोपाठ आलेल्या लेकीने ओट्यावरच्या वहीचा कागद फाडून त्याची पट्टी केली. लहानपणापासून ती बापाच्या हाताखाली वावरलेली. मिस्त्रींनी पट्टी दारात धरून दार लावलं आणि ओढली. पट्टी घट्ट. असं करत करत ते दाराच्या कडेने वर सरकत गेले. सगळीकडे घट्ट, पण मुठीच्या वर वीतभर जागेत पट्टी अलगद निघून आली. बाहेरची दमट हवा इथूनच आत शिरत होती आणि वर जाऊन गोठत होती. दार उघडं टाकायची गरजच नव्हती.

त्या जागी दारावर फळांच्या चित्राचं कोरं करकरीत स्टिकर होतं. मिस्त्रींनी ते नखाने सोललं. खाली स्क्रूची दोन भोकं, साबण भरून बुजवलेली. शेजारी फ्रिजच्या अंगावर आणखी दोन. स्क्रू आरपार गेल्यामुळे दाराची आतली बाजू फुगली होती आणि रबर तिथे टेकत नव्हतं.

"इथे काय होतं?"

सिंकवरचा नळ बंद झाला.

"कडी होती," होणारा जावई हसत म्हणाला. बिचाऱ्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "कुलूप लावायचो. तुम्ही येणार म्हणून आईने परवा काढली. वहिनी दुपारी काहीबाही खायची ना."

लेकीने विचारलं, "किल्ल्या किती होत्या?"

"तीन. आई, बाबा आणि मी."

लेकीने हातातली वही फ्रिजवर ठेवली.

"मला नाही चालणार," ती म्हणाली.

"अगं, तुला पण दिली असती," तो म्हणाला.

"म्हणूनच नाही चालणार. बाबा, निघू या."

विहीणबाईंचा आवाज चढला, व्याही 'एवढ्यातेवढ्यावरून' असं काहीतरी बोलू लागले. मिस्त्रींनी सिंकवर जाऊन साबण लावून हात दोनदा धुतले. थोरलीने पुसायला स्वच्छ पंचा दिला. तिच्या मनगटाची हाडं वर आलेली त्यांना आता दिसली, आणि इतका वेळ आपण बुरशीच बघत बसलो याची लाज वाटली.

त्यांनी फ्रिजचा प्लग काढला, दार सताड उघडलं आणि थोरलीलाच सांगितलं, "बर्फ वितळायला संध्याकाळ होईल, बाई. तोवर दार कुणालाही लावू देऊ नका. आणि जे चांगलं असेल ते खाऊन टाका, नाहीतर खराब होईल."

थोरलीने पंचा खांद्यावर टाकला, वरच्या कप्प्यातून दुधाचं पातेलं काढलं, आणि सगळ्यांसमोर, सिंकपाशी उभ्याउभ्याच, तोंडाला लावलं.