जस्ताचं बोट कुणाच्या तोंडात

तुम्ही माझा आजार दुसरीला दिलात. तिला गाडीतून नेलंत, तिच्या तोंडात बॅटरी मारून फोटो काढलेत आणि प्रत्येक फोटोखाली माझं नाव घातलंत. बेळगावच्या कॅन्सर संशोधन केंद्रात वरच्या मजल्यावर बसून सह्या ठोकणारे साहेब तुम्ही. तुमचं तोंड मी कधी पाहिलं नाही. तुम्हीही माझं पाहिलं नाहीत, भांडण तेच आहे.

मी निपाणीची, खोतांची धाकटी सून. गल्ली मला जयाबाई म्हणते. आईबापानं ठेवलेलं नाव अक्काताई. पण मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरात एक अक्काताई आधीच बसलेली होती. माझी थोरली जाऊ, मालुबाई. थोरली म्हणून तिचे दीर तिला अक्काताई म्हणायचे, मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. माझ्या अंगावरची हळद निघायच्या आतच सासूनं सांगून टाकलं की एका घरात दोन अक्काताई नकोत, तू आजपासून जया. म्हणजे खरं नाव ज्याचं त्यानं सोडायचं आणि नुसत्या मानानं मिळालेलं तिनं मिरवायचं. माझं नाव उरलं ते आधारकार्डावर. पोटातली जळजळ तेव्हाची आहे.

दोघी विड्या वळतो. दोघी मिश्री लावायचो. दोघींच्या गालात पांढरा चट्टा उठला. माझ्या डाव्या, तिच्या उजव्या. तुमच्या केंद्राच्या डॉक्टर भैरवी मॅडम गल्लीत तोंडाच्या तपासणीच्या शिबिराला आल्या. त्यांच्या केयूर नावाच्या माणसानं आधारकार्ड बघून नावं घातली, चट्ट्यांचे फोटो काढले आणि दोघींच्या चट्ट्याचा बारीक तुकडा काढून बाटलीत टाकला.

मॅडम बाई चांगल्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, पेशीच्या आत एक प्रथिन असतं. जस्ताचा कण धरून ते बोटासारखं वळतं, म्हणून त्याला झिंक फिंगर म्हणतात. हे बोट जनुकावर टेकलं की ते जनुक चालू किंवा बंद होतं. काही चट्ट्यांत ते फार वाढलेलं दिसतं आणि असे चट्टे पुढं कॅन्सरकडं झुकत असावेत, अशी त्यांना शंका आहे. ती खरी ठरली तर धोका आधी कळेल, पुढंमागं त्या बोटाला अडवणारं औषधही निघेल. आज औषध नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

बायका आपापली बोटं बघून हसल्या. विड्या वळून बाहेरची बोटं झिजली, आता तोंडात आणखी एक उगवलं, असं कुणीतरी म्हणालं.

पुढं एके दिवशी तुमची पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाला थांबली. ड्रायव्हर नागेंद्र, कानडी माणूस. खिडकीतून मान काढून त्यानं विचारलं, "अक्काताई खोत यारु री? कोण?"

सगळ्या गल्लीनं एका दारावर बोट दाखवलं. थोरल्या जावेच्या. त्या बोटांत माझंही एक होतं. इतकी वर्षं जया ऐकून ऐकून माझं नाव मलाच परकं झालं होतं.

तिच्या रिपोर्टात ते जस्ताचं बोट वाढलेलं आलं, असं कळलं. दुसऱ्या बाईचा चांगला आहे, काळजी नको, असा निरोप नागेंद्रच देऊन गेला. दुसरी बाई म्हणजे मी.

मग सुरू झाला तिचा थाट. महिन्याच्या महिन्याला गाडी. पुढच्या सीटवर ही, इरकल नेसून, जशी काय पंचायतीत निवडून आलेली. मॅडमनी दरडावलं म्हणून तिनं मिश्री सोडली. परत आली की दारात बसून सांगायची, मॅडम माझ्या तोंडात असं बघतात, तसं बघतात.

"तुझा चट्टा साधा हाय गं जये," एकदा म्हणाली. "माझ्यात जस्ताचं बोट हाय."

"बोट न्हाय, अख्खा हात असंल," मी म्हणाले. "म्हणून तर सगळं वढून घेतीस."

लोक दागिन्यावरून जळतात, मी दुखण्यावरून जळले. रिपोर्ट चांगला म्हणून मिश्रीही सोडली नाही. उलट तिला दाखवून लावायची.

तिचा चट्टा फिका पडत गेला. माझा जाड झाला, चिरला. ठेचा सोडा, कोमट आमटीही झोंबायला लागली. तेव्हा मात्र मी बेळगावची एसटी धरली. बेळगावच्या अलीकडची काकती मागं पडेपर्यंत मनात एवढंच की तिच्यात काय सोनं आहे, माझंही तोंड बघा म्हणून बसायचं.

तिथं केयूरला सांगितलं, निपाणीची खोतांची, माझी जाऊ तुमच्याकडं येते.

"मालुबाई ना?" तो म्हणाला. "तुमचा रिपोर्ट चांगला होता की."

"मालुबाई माझी जाऊ. मी अक्काताई."

"अक्काताई तर दर महिन्याला येतात," म्हणून तो हसला. मी आधारकार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. मग हसला नाही, फायलीतले फोटो काढून माझ्यासमोर एकेक ठेवत गेला.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. गाडी माझी होती, पुढची सीट माझी होती. गालातून कळ कानापर्यंत गेली, तेव्हा कळलं आणखी काय काय माझं होतं.

घरी येऊन सांगितलं. जाऊ विड्या वळत होती. हात थांबला. मला वाटलं सुटले म्हणेल, देवाला हात जोडेल.

"म्हंजे ह्येबी तुझंच व्हय?" एवढंच म्हणाली, आणि पाठ फिरवली.

आता मॅडम फोनवर बारीक आवाजात बोलतात. साहेबांची सही हवी, समिती बसली पाहिजे, तोवर अक्काताई म्हणून नवीन तपासणी करता येत नाही, कारण अक्काताईची तपासणी झालेली आहे. गावच्या डॉक्टरानं गाल बघितला आणि परत तुमच्याकडंच बोट दाखवलं.

गल्ली चुकली, मी चुकले, आम्ही अडाणी. तुम्ही तर शिकलेले. तुमच्या शिबिरातल्या पहिल्या फोटोत चट्टा डाव्या गालात आहे, नंतरच्या प्रत्येक फोटोत उजव्या. चट्टा तोंडातून चालत पलीकडं गेला, असं वाटलं का तुम्हाला? त्या बोटाला पकडायला निघालात आणि गाल ओळखता आला नाही?

मिश्री मी आता टाकली आहे. गाल टाकता येत नाही. समिती बसो न बसो, खरी अक्काताई तोंड उघडून उभी आहे. तिच्या तोंडात कधी बघणार, ते सांगा.