चिंगीचा घास

माझा भाऊ पांडू महाडला कारखान्यात कामाला. त्याची सुप्रिया पंधरा वर्षांची, दहावीचं वर्ष, आणि पोरगी अंथरूणच सोडीना. भिंतीकडं तोंड करून पडायची. बोललीच तर एवढंच, "मी नसले तर कुणाचं काय अडतंय?"

डॉक्टरनं गोळ्या दिल्या, वर बोलला, हिला एखादं जनावर सांभाळायला द्या. पांडूनं एसटीडीवरनं पोलादपूरला निरोप धाडला, हा काय इलाज झाला? मी उलटा निरोप दिला, तुला काय कळतंय रे मुडद्या, पाठव तिला माझ्याकडं!

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. शेळ्या हायत, म्हणून राखणीला कुत्रं पाहिजेच. आमच्यात पिल्लू असल्यापासून त्याला एकाच माणसानं भाकरी घालायची. मग ते दुसऱ्याच्या हातचं खात नाय, चोरानं विष घातलं तरी फुकट. सुप्रिया आली तेव्हा नवं पिल्लू आणलं होतं, चिंगी कुत्री. ती मी सुप्रियाच्या हाताला लावली, पहिले आठ दिवस घास अंथरुणातच तिच्या हातात देऊन.

माझा नवरा नाथू भडकला. "अगो, पाहुणीच्या हाताला लावलीस? पोरगी खाली महाडला गेली की कुत्री काय माती खाईल?"

खरंच, हे माझ्या टकुऱ्यात आलंच नव्हतं.

मग मी घास नेऊन द्यायचं बंद केलं, तर सुप्रिया उठायचीच नाय. चिंगी उंबऱ्यात कुंई कुंई करायची. मी घातलेल्या भाकरीला नाक लावायची नि वळायची. शेवटी माझं डोकं फिरलं. "उठू नको गो बाय, पण उपाशी का ठेवतेस ते तिला तोंडानं सांग!"

सुप्रिया उठली. दुधात भाकरी कुस्करली. चिंगीनं तिची बोटं चाटून काढली आणि पोरगी हमसून रडली. मी मधे पडले नाय.

वाईट दिवस यायचेच, गोळ्याही चालू होत्या. पण चिंगीसाठी ती उठायची, मग शेळ्यांमागं जायची, मग माझ्याशी भांडायलाही लागली. देवा, काय बरं वाटायचं ते भांडण!

दिवाळीनंतर पांडू न्यायला आला. नाथू माझ्याकडं बघायला लागला. मी कुणाकडं बघू?

"बाबा, मी येणार, शाळेतही जाणार," सुप्रिया बोलली. "पण आधी चिंगीला आत्याच्या हातचं खायला शिकवते."

पांडू एकटाच परतला. ती रोज मला अंगणात बसवायची. भाकरीचा तुकडा दोघींनी मिळून धरायचा, तिची बोटं माझ्या बोटांत. चिंगी हुंगायची, मागं व्हायची. एका सकाळी मात्र तिनं तुकडा ओढला आणि मचामचा खाल्ला.

"खाल्लं की गं तिनं!" सुप्रिया हसली. मग हळूच बोलली, "आत्या, आता माझा हात सोड."

माझ्यानं सोडवेना.