खिंडीच्या वेशीवरची बाई

"वहिनी, अहो वहिनी! तो बघा, परत लोटांगण घालतोय तुम्हाला!"

नामगुंगने नूडल्सचं भांडं एका हातात तसंच धरून दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर ठेवलं. सुन-एने चष्मा नाकावर नीट बसवला आणि ती पुढे वाकली. पडद्यावर डोंगरातल्या एका खिंडीची वेस दिसत होती, आणि वेशीच्या कलत्या खांबाला टेकून तपकिरी घोंगडी पांघरलेली एक बाई बसली होती. ती बाई म्हणजे खेळातली सुन-ए. तिच्यासमोर लखलखीत चिलखत घातलेला कुणी शूरवीर धाडधाड डोकं टेकत होता. उठायचा, पुन्हा टेकायचा.

"याला झालंय तरी काय?"

"तुम्ही प्रसन्न व्हाल म्हणून वाट बघतोय बिचारा."

"इश्श! मी काय देवी आहे?"

"देवी नाही हो. त्याला वाटतंय, तुम्ही बाहुली आहात. कंपनीने बसवलेली."

आता या खेळांत अशा बाहुल्या असतातच. दुकानदार, पहारेकरी, विहिरीवरची म्हातारी. त्यांच्यामागे माणूस नसतो. कुणीही जाऊन बोला, त्या तेच एक वाक्य म्हणणार, काहीतरी काम सांगणार, आणि काम केलं की बक्षीस देणार. सुन-एही येणाऱ्याजाणाऱ्याला एकच वाक्य म्हणायची. जन्म सुईदोऱ्यात गेलेला, बोटं की-बोर्डच्या कळांवर कुठली पळायला! म्हणून नामगुंगने ते वाक्य तिला एका कळीवर बसवून दिलं होतं. कळ दाबली की घोंगडीतली बाई बोलायची, "पुढे थंडी फार आहे, ही वाळकी बोरं जवळ ठेवा. पाणबदक नावाची कुणी भेटली का हो तुम्हाला?" आणि समोरच्याच्या झोळीत मूठभर बोरं पडायची.

"सांग ना त्याला, मी माणूस आहे म्हणून," सुन-ए म्हणाली.

"सांगितलं. तर तो म्हणतो, वा, काय हुबेहूब बाहुली केलीय!"

तेवढ्यात खालून वर आलेल्या पाण्याच्या नळावर टणटण झालं. कोरियातल्या गुन्सान शहराच्या त्या जुन्या बाजारगल्लीत खाली सुन-एची आणि तिच्या नवऱ्याची लाँड्री आणि वर नामगुंगचा, तासावर पैसे देऊन खेळायचा कॉम्प्युटरचा हॉल. गिऱ्हाईक आलं की नवरा लोखंडी हँगर नळावर आपटायचा आणि सुन-ए खाली पळायची. जाताना ती खेळ बंद करत नसे. घोंगडीतली बाई तशीच बसून राहायची, कारण त्या वेळात पाणबदक आली आणि जागा रिकामी बघून निघून गेली तर?

ही पाणबदक कोण, हेच तर सुन-एला जाणून घ्यायचं होतं.

पूर्वी सोनखिंड नावाचा खेळ होता. नामगुंगने नवानवा हॉल काढला, तेव्हा अख्खी गल्ली त्या खेळाने वेडी झाली होती. सुन-ए तेव्हा नवी नवरी. सासू झोपली की ती दुपारी वर सटकायची आणि त्या खिंडीत शिरायची. सोनखिंडीत लढून दमलं की शक्ती आपोआप भरून येत नसे. बसावं लागायचं. चांगलं मांडी घालून, बराच वेळ. म्हणून सगळा गाव वेशीशी बसलेला असायचा, आणि बसलं की माणसं बोलणारच. तिथे तिला पाणबदक भेटली.

त्यांच्याकडची पद्धत अशी की कुणी भेटलं की आधी वय विचारायचं. मग जो धाकटा, त्याने आदबीने बोलायचं. या दोघींनी वय विचारलंच नाही. विचारलं की एक मोठी होणार आणि एक धाकटी, आणि मग मोकळेपणाने बोलणं संपलंच म्हणायचं. म्हणून दोघीही एकमेकींना ताई म्हणायच्या. "तुम्हीच मोठ्या असाल ताई, तुम्हाला लोणच्याचं इतकं कळतं." "छे, तुम्हीच मोठ्या ताई, तुम्ही किती कुरकुरता!" वय नाही विचारलं, म्हणून नावही राहिलं. बाई की बुवा, एवढंसुद्धा सुन-एला ठाऊक नव्हतं.

सुन-एचं पहिलं बाळ जन्मलं ते श्वास न घेताच. घरात त्याचा शब्द काढायचा नाही, असं सासूने सांगून टाकलं. नवरा भला माणूस, पण तोही इस्त्रीकडे बघत गप्प झाला. पुढे कधीतरी एका दुपारी वेशीवर बसल्याबसल्या तिने ते पाणबदकला लिहिलं. पलीकडून अक्षरं उमटली. "ताई, नाव काय ठेवलं होतं?"

अहो, जगात दुसऱ्या कुणीही तिला हे विचारलं नव्हतं! तिने मनातल्या मनात ठेवलेलं नाव लिहिलं. ते नाव इथे सांगत नाही. ते त्या दोघींचं आहे. पाणबदकने ते पुन्हा एकदा लिहून दाखवलं, नीट आलं ना म्हणून विचारलं, आणि आपल्या झोळीतली सगळी वाळकी बोरं सुन-एच्या झोळीत टाकली.

पुढे सोनखिंड बंद झाली. कंपनीने आधी जाहीर केलेलं, अमक्या दिवशी संध्याकाळी दिवे मालवणार म्हणून. निरोपाला एवढी गर्दी लोटली की कंपनीची यंत्रं दुपारीच बंद पडली. नेमकी त्याच वेळी पाणबदक लिहीत होती, "ताई, आता तरी सांगून टाकते. माझं खरं नाव..." आणि पडदा काळा झाला. नामगुंगने त्या दिवशी कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

मग सुन-एला मुलगी झाली, ती मोठी होऊन सोलला नोकरीला गेली, सासू गेली, नवऱ्याचे केस पिकले. पण ते अर्धं राहिलेलं वाक्य काही तिच्या डोक्यातून जाईना. माझ्या बाळाचं नाव तिला माहीत, आणि मला तिचं नाही! असं कुठे असतं का?

या वसंतात नामगुंग धापा टाकत लाँड्रीत आला. "वहिनी, लहानपणी सोनखिंड खेळलेल्या पोरांनी नवा खेळ काढलाय. धुकेखिंड नावाचा. वेस अगदी तश्शीच केलीय हो, खांबसुद्धा कलता!" त्या दुपारपासून सुन-ए वेशीवर बसली. पाणबदक कुठेही असली तरी ही वेस बघायला एकदा येईलच, असं तिचं म्हणणं.

पण धुकेखिंडीत बसण्याची कुणाला गरजच नव्हती. पळतापळता शक्ती भरून यायची. सगळे वेशीतून सुसाट जायचे. बसलेली एकटी सुन-ए. म्हणूनच तर लोकांना ती बाहुली वाटली. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं की वेशीवरच्या बाईकडे गुपित काम आहे, पाणबदक शोधून दिली की ती घबाड देते. झालं! लोक नाचून दाखवू लागले, अस्वलाची कातडी, तलवारी, कोंबड्या आणून समोर टाकू लागले. एकाने तर तळ्यातलं खरंखुरं बदक हाकत आणलं. नामगुंग हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. सुन-एही हसायची, पण प्रत्येक नव्या चेहऱ्यापाशी ती चष्मा सारखा करून पुढे वाकायचीच. ही असेल का? हा असेल?

एका दुपारी पांढऱ्या झग्यातला एकजण वेशीपाशी उतरला. डोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, व्यवस्थापक.

"आपण माणूस आहात का?" त्याने विचारलं.

सुन-एचा पारा चढला. दोन बोटांनी एकेक कळ शोधत तिने लिहिलं, "नाहीतर काय इस्त्री आहे?"

"माफ करा. कुणीतरी स्वतःऐवजी यंत्र लावून बसलंय अशा तक्रारी आल्यात. खात्रीसाठी सांगाल का, आत्ता तुमच्याकडे काय चाललंय?"

"शेजारी भाऊजी नूडल्स ओरपताहेत. मला घासभर घे म्हटलेलं नाही."

नामगुंगने मुकाट्याने भांडं तिच्याकडे सरकवलं.

पलीकडचा बहुतेक हसला असावा. मग त्याने विचारलं, "मावशी, मग तुम्ही रोज तेच का विचारता?"

आणि सुन-एने सांगितलं. सगळं. बाळाचंही. खाली दोनदा नळ वाजला, ती उठली नाही. नामगुंग स्वतःच खाली जाऊन गिऱ्हाइकाला कोट देऊन आला. लिहून झालं तेव्हा पांढरा झगेवाला चक्क तिच्या शेजारी मांडी घालून बसला होता.

"मावशी, जुन्या खेळाची नावं आमच्याकडे नाहीत हो. ती त्या कंपनीबरोबरच गेली. खोटी आशा नाही लावत."

"बरं."

"पण एक विचारू? चुसोकच्या सणानंतर तुमच्या जागी खरोखरची बाहुली बसवली तर चालेल? तुमची घोंगडी, तुमचं वाक्य, तुमची बोरं. खेळ चालू असेल तोवर ती विचारत राहील."

सुन-एला एकदम रडूच आलं. "म्हणजे मी उठायचं?"

"तुम्हाला नको असेल तर राहू दे, मावशी."

"आणि ती आली, त्या बाहुलीशी बोलून निघून गेली तर?"

"भेटली म्हणणाऱ्याला बाहुली थांबवून घेईल, आणि मी तुम्हाला कळवेन. मीच नाही, आमच्यातला जो कुणी असेल तो."

खाली लाँड्रीत हिवाळी कोट यायला लागले होते. नवऱ्याचा खांदा धरलेला. रोज दुपार इथे घालवणं आता जमणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. शेवटी तिने लिहिलं, "घोंगडी तपकिरीच ठेव. आणि बोरं देताना हात आखडू नको."

चुसोकला, त्या सुगीच्या सणाला, मुलगी आली, तांदळाचे उंडे झाले, पूर्वजांपुढे पानं मांडली. सण उरकून सुन-ए वर आली, तेव्हा नामगुंगने आधीच तिची जागा पुसून ठेवली होती.

वेशीवर गर्दी होती. कलत्या खांबाला टेकून घोंगडीतली बाई बसली होती. घोंगडी तपकिरीच. खेळातली सुन-ए पलीकडे उभी होती, तशाच घोंगडीत, आणि तिला बसायला जागा नव्हती.

"बोला की तिच्याशी," नामगुंग म्हणाला.

सुन-ए पुढे झाली. बाई बोलली, "पुढे थंडी फार आहे, ही वाळकी बोरं जवळ ठेवा. पाणबदक नावाची कुणी भेटली का हो तुम्हाला?" आणि खाली दोन उत्तरं आली. भेटली. नाही भेटली.

"भेटली म्हणा, भेटली म्हणा! काय होतं बघू तरी!"

"खोटं कशाला बोलू भाऊजी?"

तिने दुसरं उत्तर दाबलं. तिच्या झोळीत मूठभर बोरं पडली. इतके महिने ती देत आली होती, सोनखिंडीनंतर आज पहिल्यांदा तिला कुणी दिली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. नामगुंग उगीचच शेजारचा की-बोर्ड झटकत राहिला.

मग सुन-ए वळली आणि वेशीतून पलीकडे निघाली.

"अहो, कुठे?"

"बघते ना, पुढे आहे तरी काय. मी कुठे गेलेय कधी?"

"शक्ती नाही तुम्हाला अजिबात! कोल्हा आला तरी मराल!"

"मरेन मग. उठवेल कुणीतरी."

वाट चढाची होती, आणि धुकं इतकं की चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. मागे वेशीवर बाई कुणाला तरी विचारत होती. सुन-ए चालत राहिली. वळणावर धुक्यातून एक आकृती समोर आली. निळी टोपी, हातात काठी, अंगावर तिच्या घोंगडीसारखेच नवख्याचे साधे कपडे. तीही वाट चुकल्यासारखी थबकली.

सुन-एचं बोट सवयीने वाक्याच्या कळीवर गेलं. तिने ते उचललं. आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर हुडकत, तिने लिहायला घेतलं. समोरची थांबली होती. नामगुंग खुर्ची ओढून जवळ सरकला.

"मी ग्वाक सुन-ए. गुन्सानला लाँड्री आहे आमची. तुमचं नाव काय?"