बोलणं आलेली कॅसेट

मित्रांनो, मी खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका घरात राहणारा जुना टू-इन-वन आहे. म्हणजे एकाच पेटीत रेडिओही आणि टेपरेकॉर्डरही. माझं वय चाळिशीच्या पुढे गेलं आहे. दिल्लीजवळच्या एका कारखान्यात माझ्या तारा जोडल्या गेल्या, मग बाड्यावरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चौकातल्या दुकानात काचेमागे चार महिने बसलो, आणि चौऱ्याऐंशी साली गोविंदरावांनी मला घरी आणलं. माझी मूठ एका बाजूने तुटली आहे आणि आवाज वाढवायला गेलं की करकर होते. बाकी तब्येत ठीक.

मला आणलं ते लीलाताईंमुळे. लीलाताई म्हणजे गोविंदरावांच्या पत्नी. इथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर दिवसभर हिंदी चालायचं, पण रविवारी सकाळी नऊ वाजता अर्धा तास मराठीचा असायचा. त्याचं निवेदन लीलाताई करायच्या. लश्कर, मुरार, डबरा, झाशीहून पोस्टकार्डं यायची. कोणाकडे बारसं झालं, कोणाची मुलगी बीएससी झाली, हे सगळं वाचून दाखवून त्या फर्माइशीचं गाणं लावायच्या. त्यांच्या जोडीला तात्यासाहेब होते. ते गोष्टी वाचायचे आणि मध्येच खोकायचे. एका रविवारी ते खोकले नाहीत, तर तब्येतीची चौकशी करणारी सतरा पत्रं आली! ही मंडळी भाजी घ्यायला गेली तरी लोक आवाजावरून ओळखायचे. आता तसं कोणाला कोण ओळखतं?

लीलाताई आठ वाजताच सवारी टेम्पोने केंद्रावर जायच्या आणि गोविंदराव माझ्यासमोर ठाण मांडायचे. ते शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे काम एकदम चोख. पण त्यांना हवी असायची फक्त गाणी. लीलाताई बोलायला लागल्या की यांचं बोट पॉजच्या बटणावर. गाणं सुरू झालं की बोट वर. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हिला काय, रोज ऐकतोच की. गाणं पुन्हा कधी लागेल, कोण जाणे."

खरं सांगतो, त्यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नाही. घरोघरी असंच करायचे. चुकून एखाद्या कॅसेटमध्ये बोलणं शिरलंच, तर गोविंदराव लाल शाईने तिच्यावर लिहायचे, 'खराब, बोलणं आलंय', आणि पुढच्या रविवारी तिच्यावर दुसरं काही भरून टाकायचे. चांगल्या जमलेल्या बेचाळीस कॅसेटी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या.

पुढे तो अर्धा तास बंद झाला. घरात मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. तिथे धूळ खात किती वर्षं काढली, मोजलं नाही. दोन वर्षांपूर्वी लीलाताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून त्या वहीत लिहून बोलतात. कोणाला हाक मारायची तर वाटीवर चमचा वाजवतात.

यंदाच्या हिवाळ्यात तात्यासाहेबांनी जुन्या निवेदकांना आणि श्रोत्यांना पडाव नावाच्या भागाजवळच्या एका हॉलमध्ये एकत्र बोलवायचं ठरवलं. प्रत्येकाचा जुना आवाज तिथे ऐकवायचा होता. केंद्रावर लीलाताईंचं काही मिळालं नाही. तिथल्या टेपा पुसून पुन्हा वापरायची तेव्हा पद्धतच होती. लीलाताईंनी वहीत लिहिलं, 'मी येणार नाही. सगळ्यांचे आवाज लागतील आणि मी नुसती बसून राहीन, हे मला सहन होणार नाही.'

"काळजी कशाला करतेस?" गोविंदराव म्हणाले. "बेचाळीस कॅसेटी आहेत घरात."

त्यांनी मला खाली उतरवलं. अवंतिकाने, म्हणजे त्यांच्या नातीने, मेकॅनिककडून नवीन पट्टा बसवून आणला. स्पिरिटच्या बोळ्याने माझं डोकं, म्हणजे टेप वाचणारं हेड, पुसलं. तीन दिवस मी वाजत होतो. गाणं, खट्, गाणं, खट्. कुठे 'स्कार मंडळी' एवढंच यायचं, कुठे 'आता ऐ'. त्याच्या पुढेमागे काही नाही.

"आजोबा, यात तर गानेच गाने आहेत," अवंतिका म्हणाली. "आजी कुठे आहे? हर बार काट दिया तुम्ही?"

गोविंदराव पेटीवर हात ठेवून बसून राहिले. मला फार लाज वाटली. बोट त्यांचं होतं, पण बटण माझं होतं.

तेव्हा लीलाताई उठल्या. आपल्या कपाटातून, साड्यांच्या खालून, त्यांनी एक कॅसेट काढली. तिच्यावर लाल शाई होती: 'खराब, बोलणं आलंय.' मी ती लगेच ओळखली. त्या रविवारी गॅसवर दूध उतू गेलं होतं, गोविंदराव मला तसंच चालू सोडून धावले होते आणि ओटा पुसून परत यायला त्यांना अकरा मिनिटं लागली होती. पुढच्या रविवारी त्यांनी ती कॅसेट पुष्कळ शोधली, सापडली नाही.

लीलाताईंनी वहीचं पान लिहून पुढे केलं. गोविंदरावांना चष्मा सापडेना, म्हणून अवंतिकाने वाचलं: 'तुम्ही माझं बोलणं कापता हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. फार वाईट वाटलं. म्हणून ही एक लपवून ठेवली.'

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" गोविंदरावांनी विचारलं.

लीलाताईंनी त्याखाली एक ओळ लिहिली. 'तुम्ही गाणी ऐकत होता.'

अवंतिकाने तीही वाचून दाखवली. गोविंदराव म्हणाले, "चुकलंच माझं, लीला." त्यांनी कॅसेट माझ्यात घातली आणि मी ती जपून वाजवली. अकरा मिनिटं झाली, गाणं लागलं. त्यांनी गाणं बंद केलं आणि कॅसेट पुन्हा मागे नेली.

रविवारी मला ऑटोत मांडीवर घेऊन हॉलमध्ये नेलं. लीलाताईही आल्या. तात्यासाहेबांचा आवाज झाला, मग माझी पाळी आली. चाळीस वर्षांपूर्वीच्या लीलाताई डबऱ्याच्या जगदेवरावांचं पत्र वाचू लागल्या. समोर पहिल्या रांगेत बसलेल्या लीलाताईंना ऐकून ऐकून ते सगळं पाठ झालं होतं. शब्द माझ्यातून येत होते आणि ओठ त्यांचे हलत होते, एकही शब्द न चुकता. गोविंदराव माझ्याकडे बघतही नव्हते. ते लीलाताईंकडे बघून ऐकत होते.

मित्रांनो, ती बेचाळीस कॅसेटींतली गाणी आज तुमच्या मोबाइलवर मिळतात. अवंतिकाने शोधून पाहिली, सगळी मिळाली. तुमच्या घरातही रोज कोणीतरी बोलत असेल, तेच तेच सांगत असेल. त्यांचंही थोडं जपून ठेवा. आम्ही यंत्रं काय, द्याल ते ठेवतो. काय ठेवायचं, ते तुम्ही ठरवता.