खिळ्यावरची मोहरीची उशी

मी मोहरीची उशी बोलतेय. खरं तर माझ्यात आता मोहरीचा एक दाणाही उरलेला नाही, नुसतं फडकं राहिलंय. पण तुम्हा माणसांबद्दल बोलायला तेवढं बास आहे.

मला तुमची कीव येत नाही, चीड येते. डोक्याच्या आत काय आहे ते कुणी बघत नाही. सगळ्यांना डोकं बाहेरनं गोल पाहिजे.

मला उचगावात शालूबाईंनी शिवलं. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, त्यात अर्धा किलो मोहरी, चारी बाजूंनी दुहेरी दोरा. नातू राजवीर तेव्हा आठ दिवसांचा होता. "हिच्यावर निजला की डोकं कसं नारळागत गोल हुतंय बघ," असं त्या सुनेला म्हणाल्या. शालूबाईंचं स्वतःचं डोकं मागनं पाटीसारखं सपाट. त्यांच्या आईनंही त्यांच्यासाठी अशीच उशी केली होती म्हणे. पण उशीला विचारतंय कोण?

सून पूर्णिमा म्हणजे भित्रं काळीज. पोरगं शिंकलं तरी तिला घाम फुटायचा. सासू म्हणाली म्हणून उशी, शेजारीण म्हणाली म्हणून गळ्यात काळा दोरा, जाऊ म्हणाली म्हणून भर उन्हात कानटोपी. शेवटी जो बोलेल त्याचं खरं. स्वतःचं म्हणून काही तिच्याजवळ नव्हतंच. अशी ती आई, आणि मी तिच्या पोराच्या डोक्याखाली. मला तर तिच्यापेक्षा मीच शहाणी वाटायचे.

चार महिने झाल्यावर पूर्णिमा परत शिवणाच्या कारखान्यात जाऊ लागली. राजवीरला पुढच्या गल्लीत हाफिजाभाभीच्या घरी ठेवायचं ठरलं. हाफिजाभाभी बारा वर्षं दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. आता घरातच तीन तान्ही पोरं सांभाळते. पुढच्या खोलीत कठड्याचे तीन लहान पलंग आहेत.

पहिल्याच दिवशी तिनं आमची पिशवी उलटी केली.

"उशी न्हाय, दुलई न्हाय. टोपी घरात कशाला? गळ्यातला दोरा काढ आधी. पोरगं उताणं निजंल, टणक गादीवर, चादर ताणून खोचलेली. पलंगात दुसरं काय बी न्हाय."

"भाभी, पण डोकं..."

"डोकं हुतंय सावकाश गोल. जागा असला की पालथं घालून खेळवायचं, मी समोर बसून. निजताना उताणाच."

आणि मला तिनं दाराजवळच्या खिळ्यावर अडकवलं. तिथून मी ती गादी बघितली. फळीगत टणक! मला तिची शिसारी आली. हाफिजाभाभीचीही आली. दर थोड्या वेळानं कामातनं उठायची आणि एकेका पोराच्या छातीवर तळवा ठेवून श्वास बघायची. झोपलेल्या पोरांवर कसला पहारा? रिकामटेकडी बाई, असं मी म्हणायचे.

तीन आठवडे असे गेले. मग एका पाहुण्याच्या घरी जावळाच्या जेवणात कुणीतरी राजवीरचं डोकं चाचपून हसलं म्हणे. "अगं बया, ह्येचं पोळपाट झालंय की मागनं!"

झालं. शालूबाईंनी घरी येऊन तोंड सोडलं. "पोरगी कोण देणार ह्येला उद्या?" पाच महिन्यांच्या पोराच्या लग्नाची काळजी! बघा तुमची जात.

सोमवारी सकाळी हाफिजाभाभी दूध गरम करायला आत गेली, तशी पूर्णिमानं मला खिळ्यावरनं काढलं. पलंगावरची खोचलेली चादर उपसली, मला खाली सरकवलं, वरनं चादर पसरली आणि राजवीरला निजवलं. मग चोरासारखी कामावर निघून गेली. मी मात्र फुगून गेले. अखेर माझी जागा मला मिळाली होती!

राजवीर आदल्याच आठवड्यात पालथं वळायला शिकला होता. वळायला यायचं, परत फिरायला यायचं नाही. झोपेतच तो वळला आणि त्याचं नाक माझ्यात रुतलं. सैल चादर तोंडाशी गोळा झाली. त्याचा गरम श्वास माझ्या कापडाला लागला. एकदा, दोनदा. मला वाटलं, लाडात आलाय. मग श्वास बारीक झाला. मला सरकता येत नव्हतं. दाब पडेल तिथं खोलगट व्हायचं, एवढंच मला येतं. मी आणखी खोलगट झाले.

तेवढ्यात ती रिकामटेकडी बाई आली. छातीवर ठेवायला गेलेला तळवा पाठीवर पडला आणि तिनं पोरगं झटक्यात उचललं. ओठ काळसर झाले होते. "राजू, ए राजू, रड की रं बाळा!" पाठ चोळली, पाय चोळले. मग तो रडला.

बाकीची दोन पोरं शेजारणीच्या हवाली करून तिनं तसंच रिक्षात घालून त्याला डॉक्टरांकडं नेलं. पोरगं ठीक आहे म्हणाले. परत येईतो निरोप मिळून पूर्णिमा आणि शालूबाई दारात हजर. शालूबाईंनी कुणाला बोलू दिलं नाही.

"लक्ष कुठं हुतं गं तुझं? पोरं सांभाळतीस का टीव्ही बघतीस?"

भाभीकडंच असणाऱ्या छोट्या अरीबाची आई शेजारीच उभी होती. तिनं गुपचूप आपल्या पोरीची पिशवी भरायला घेतली. हाफिजाभाभीनं मला पलंगातनं काढून हातात धरलं होतं. ती एवढंच म्हणाली, "सकाळी मी सोता चादर खोचलेली. ही आत आली कशी?"

पूर्णिमा खाली बघत उभी. एका शब्दासाठी त्या बाईचं पाळणाघर बुडायला आलं होतं, आणि ही गप्प! जन्मात मला कुणाचा एवढा तिटकारा आला नव्हता.

"मी ठेवली, आत्ती," पूर्णिमा सासूला म्हणाली. "भाभी आत गेल्यावर."

"तू?"

"व्हय. लोकं हसलेली मला सोसंना."

अरीबाच्या आईनं पिशवी खाली ठेवली. हाफिजाभाभी पूर्णिमाला म्हणाली, "वळायला लागलाय हे सांगायचं तरी हुतंस. आणि निजवल्यावर पलंग परत चाचपायला पायजे हुता मी. माझंबी चुकलंच."

पूर्णिमानं कात्री मागितली आणि शालूबाईंच्या समोर माझे टाके उसवले. मोहरी फरशीभर पळाली. एखादा दाणा पोरांच्या तोंडात जाईल म्हणून हाफिजाभाभीनं लगेच झाडू घेतला.

आता मी परत त्याच खिळ्यावर आहे. नवीन आई मऊ उशा, दुलया घेऊन आली की हाफिजाभाभी माझ्याकडं बोट करते. मी त्या बायांकडं आधीसारखीच तुच्छतेनं बघते. पण माझ्याइतकं तुच्छ दुसरं कुणी नाही, हेही मला कळलंय. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असली तर तिला आजच उसवा. पोराला उताणं, टणक गादीवर, मोकळं निजू द्या, आणि मधनंमधनं उठून बघा.

राजवीर आता बसायला लागलाय. त्याचं डोकं मागनं अजून जरासं चपटंच आहे. संध्याकाळी पूर्णिमा त्याला न्यायला येते, तेव्हा उचलून आधी त्याच्या नाकाशी गाल नेते, श्वास लागेपर्यंत थांबते, आणि मग त्या चपट्या जागेवरनं हात फिरवते.