पुनवेचं पाणी

"टाकीत आलेला मासा टाकीतून जिवंत बाहेर काढायचा नाय. आणि का, ते विचारायचं नाय."

मी त्या घरात आले, त्या दिवशी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ते मला उद्देशून नव्हतं. माझ्या काचेला नाक लावून आत बघणाऱ्या अकरा वर्षांच्या मृणालीला तिचे आजोबा सांगत होते. तिने लगेच विचारलं, "का?" तेव्हा आजी म्हणाली, "विचारायचं नाय म्हटलं ना, बाय?"

मी खाऱ्या पाण्याची टाकी बोलतेय. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. आज मी कोरडी आहे, म्हणून माझं बोलणं तुम्हाला ऐकू तरी येतंय. आत पाणी होतं तोवर पंपाची घरघर इतकी चालायची, की माझ्याकडे कान देणारं कुणी नव्हतं. एक मृणाली सोडून.

माझा जन्म रत्नागिरीतल्या एका काचेच्या दुकानात झाला. बाबल्या नावाच्या कारागिराने जाड काचा कापून, कडांना सिलिकॉन लावून मला जोडलं आणि दोन दिवस पाणी भरून ठेवलं. एक थेंब गळला नाही. मला न्यायला आबा, म्हणजे मृणालीचे आजोबा, आले तेव्हा तो म्हणाला, "आबा, सात-आठ मासे ठेवा. जास्त कोंबू नका. ही टाकी हाय, समुद्र नाय."

आबांनी मान हलवली. मोठी माणसं अशी मान हलवतात तेव्हा त्यांनी काहीच ऐकलेलं नसतं, हे मी पुढे शिकले.

आबा म्हणजे भिकाजी. मूळचे पूर्णगडचे, चौतीस वर्षं बोटीवर काढलेले. निवृत्त होऊन त्यांनी रत्नागिरीत घर बांधलं आणि दारासमोरच्या भिंतीला मला ठेवलं. त्यांचे दोन्ही मुलगे, म्हणजे मृणालीचे बाबा अनिल आणि तिचे काका, जहाजावर. चार वर्षांपूर्वी तिचा मोठा भाऊ सर्वेशही जहाजावर लागला. घरात उरले आबा, आजी गोदूबाई, मृणाली आणि तिची आई राजश्री.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ तर सगळेच देतात. या घराची आणखी एक रीत होती. घरातला जो जो पुरुष पाण्यावर असेल, त्याच्या नावाने पूर्णगडच्या खडकांतून एक छोटा जिवंत मासा आणायचा. पूर्वी तो दिवसभर घमेल्यात ठेवून संध्याकाळी परत सोडत. एका वर्षी आबांचा धाकटा भाऊ दादू याच्या नावाचा मासा असाच सोडला, आणि त्याच वर्षी दादू वादळात सापडला. परत आला नाही. त्यानंतर आबांनी कुठलाच मासा सोडला नाही. माझी ऑर्डर त्यासाठीच होती.

हे आजीने मृणालीला एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता, मान वर न करता.

दर नारळी पुनवेला माझ्यात मासे वाढत गेले. एखादा मेला तर आजी तो जास्वंदीखाली पुरायची आणि तसाच दुसरा आणायला माणूस पाठवायची. तोवर कुणी मेलेल्याचं नाव काढायचं नाही. जहाजावर तर मुळीच कळवायचं नाही. त्यामुळे माझी गर्दी कधी कमी झाली नाही. दहा पुनवांनंतर माझ्यात चोवीस मासे होते.

सर्वेशच्या नावाने आणलेला पहिला मासा गोबरा या शिकारी माशाचं पिल्लू होतं, बोटाएवढं. चार वर्षांत ते कोपरापर्यंतच्या हाताएवढं झालं. आबा पाहुण्यांना दाखवायचे, "बघा, नातू कसा वाढतोय माझा." एके दिवशी त्या नातवाने एक पट्टेरी मासा गिळला.

"आजी," मृणालीने आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "सर्वेशने काकांना खाल्लं."

आजीने तिच्या पाठीत धपाटा घातला. त्या दिवशी आजी जेवली नाही. संध्याकाळी काकांचा फोन आला, त्यांनी बिर्याणी खाल्ली होती.

सर्वेश जहाजावर गेला त्याच वर्षी मृणाली मत्स्यविज्ञान शिकायला गेली आणि पहिल्याच सुट्टीत येऊन तिने माझं झाकण उघडून वास घेतला. "आबा, हे पाणी नाही, हे गटार आहे," ती म्हणाली.

तिने मला वाचवलं. दर आठवड्याला घरी येऊन ती माझं थोडं पाणी काढायची आणि थोडंच नवं भरायची. ते ती भरतीच्या वेळी, वस्तीपासून लांबच्या कातळावरून आणायची, पावसाळ्यासाठी ड्रममध्ये साठवायची. माशांच्या घाणीचा फेस बाहेर काढणारं यंत्र तिने स्वतःच्या शिष्यवृत्तीतून घेतलं. काचेच्या नळीत माझं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर माशांच्या मूत्राचं विष साचलंय. माझ्यात ते बहुतेक वेळा हिरवट असायचं, आणि ती ओठ चावायची.

"या गाळणीच्या स्पंजात आणि दगडांत बारीक जंतू राहतात," ती आईला सांगायची. "ते विष खातात. माझे कामगार आहेत ते. नळाच्या पाण्याने कधी धुवायचे नाहीत, मरतात. पण चोवीस जणांची घाण त्यांनी किती उपसायची?"

आणि आजी होतीच. ती सकाळ-संध्याकाळ सुकट घेऊन उभी राहायची आणि एकेकाला नावाने वाढायची. "अनिल, ये रे. सर्वेश, तू मागे हो, हावरटा." मृणाली म्हणायची, "आजी, दोन दिवसांतून एकदा पुरे. उरलेलं सडतं." आजी म्हणायची, "माझी पोरं उपाशी ठेवू काय?"

त्या घरात प्रेमाची कमतरता कधीच नव्हती. मला त्याचाच राग येतो. द्वेषाने कुणी वागलं असतं तर मी कधीच तडकून मोकळी झाले असते.

या वर्षी आषाढात मृणालीला नोकरी लागली, समुद्राची पाहणी करणाऱ्या जहाजावर. आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "मग यंदा चार मासे आणायला हवेत."

मृणालीने कप खाली ठेवला. पोरीच्या नावाने मासा त्या घरात कधी आला नव्हता. तिला ते आवडलं, मला दिसलं. तरीही ती म्हणाली, "नको, आबा. आता एकही नको. उलट यातले वीस काढू या. माझ्या कॉलेजात मोठा हौद आहे. तिथे ठणठणीत झाले की जिथून आणले तिथेच सोडू."

"नेम हाय, मृणाली."

"नेम तुम्ही केलाय, आबा. तुम्हीच मोडा."

आबा उठून अंगणात गेले.

पुनवेच्या आदल्या दिवशी तिला किनाऱ्याच्या पाहणीसाठी चार दिवस गुहागरला जावं लागलं. जाताना तिने माझ्या काचेवर कागद चिकटवला. नवा मासा नको. खाडीचं पाणी नको. स्पंज धुवू नये.

पुनवेला सकाळी आजीने तो कागद आधी काढला. सणाचा दिवस, काच स्वच्छ दिसायला हवी. मग स्पंज आणि दगड बादलीत घेतले आणि नळाखाली चोळून चोळून धुतले. पावसाळ्यात त्या नळाच्या पाण्याला ब्लिचिंग पावडरीचा उग्र वास येतो. तिचे कामगार तिथेच, मोरीत मेले.

दुपारी आबा आले. चार मासे आणि आठ कॅन पाणी. जिथे नारळ दिला, तिथलंच पाणी. पुनवेचं, पूजेचं. पण ती जागा खाडीच्या तोंडाशी, आणि श्रावणात नदी फुगलेली असते. ते पाणी तांबूस होतं आणि निम्मं गोडं. चौतीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाने ते जिभेवर ठेवून पाहिलं असतं तरी कळलं असतं. त्यांनी ते फक्त डोक्याला लावलं. माझं निम्मं पाणी काढलं आणि ते ओतलं.

चौथा मासा त्यांनी ओंजळीतून सोडला. निळसर होता तो, शेपटीजवळ काळा ठिपका. "मृणाली," ते हळूच म्हणाले. राजश्रीने फोटो काढून तिला पाठवला.

मी काय करणार होते? काचेला हात नसतात.

दुसऱ्या सकाळी सहा जण वर तरंगत होते. ठिपक्याचा मासा त्यांत होता. आजीने तोंडावर पदर घेतला. मेलेल्यांत सगळ्यात आधी तिने तोच उचलला, आणि दुपारच्या आत तसाच निळसर दुसरा आणवला. मग फोन लावला. "जेवलीस काय गो? ताप-बिप नाय ना? पाण्यात उतरू नको हां." दिवसातून पाच वेळा. मृणालीला वाटलं, आजीला करमत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेवीस गेले होते. जास्वंदीखाली जागा उरली नाही.

माझं मागणं फार मोठं नव्हतं. माझ्यात मावतील तेवढेच जीव ठेवा, आणि तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा, ती माशांच्या अंगावर घालू नका. एवढंच मला सांगायचं होतं. मला ते सांगता आलं नाही. चौथ्या दिवशी मृणालीने सांगितलं.

ती दारातून आली, पाठीवरची सॅकही काढली नाही. माझ्यासमोर उभी राहिली. गढूळ पाण्यात सहाच मासे होते. गोबऱ्या तोंड वर काढून धापा टाकत होता.

"माझा कुठला?" तिने विचारलं.

"तो बघ कोपऱ्यात," आजी घाईने म्हणाली. "जिवंत हाय तुझा. टुणटुणीत."

"माझ्या माशाला काळा ठिपका होता, आजी. फोटो आहे माझ्याकडे."

राजश्री म्हणाली, "तो परवा सकाळी गेला."

"परवा सकाळी मी गुहागरच्या किनाऱ्यावर होते. पाण्यात गुडघाभर. नंतर दोन बश्या पोहे खाल्ले." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "माझा मासा मेला, आबा. आणि मी ही इथे उभी आहे. बघा माझ्याकडे."

आबांनी बघितलं नाही. मृणालीने कोपऱ्यातला ड्रम ओढला, साठवलेलं चांगलं पाणी त्यात होतंच. बॅटरीवरचा हवेचा पंप सोडला आणि बाह्या सरसावून दोन्ही हात माझ्यात घातले.

आबा दारात जाऊन आडवे उभे राहिले. "मृणाली. टाकीतला मासा जिवंत बाहेर जायचा नाय."

"जाणार. मी नेणार." गोबऱ्या तिच्या हातांत एकदाच फडफडला. "दादूआजोबांना वादळाने नेलं. तुम्ही मासा सोडलात म्हणून नाही. पण हे तेवीस तुम्ही सोडले नाहीत, म्हणूनच गेले. पुढच्या महिन्यात मी जहाजावर जाईन, तेव्हा माझ्या नावाने कुणीही काही कोंडायचं नाही. काळजी वाटली तर फोन करा. मी उचलेन."

आजी आपल्या हातांकडे बघत राहिली, त्यांना अजून सुकटीचा वास होता. शेवटचा मासा ड्रममध्ये गेला, तशी राजश्रीने पुढे होऊन माझ्या पंपाचं बटण बंद केलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात माझी घरघर नव्हती. ड्रममधल्या बुडबुड्यांचा आवाज तेवढा येत होता. मृणाली ड्रम ओढत दाराशी गेली आणि थांबली. आबा दारातून बाजूला झाले.