वळणावरचा हरभरा

मी सडक बोलतेय. महामार्ग नव्हे. तो तिकडे, बाभळींच्या पलीकडे. त्याला बोलायला सवड नाही. मी कोरीटच्या शिवारातलं अर्ध्या कोसाचं जुनं वळण. पाच वर्षांपूर्वी मला कापून बाजूला टाकलं, आणि ज्यांनी टाकलं त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

जन्माने मी गाडवाट. बैलांच्या खुरांनी मला पाडलं, कुणा साहेबाने नाही. मग मुरूम आला, खडी आली, शेवटी डांबर. खापरकडच्या डोंगरातून उतरायचं, तळोदा मागे टाकायचं, तापी ओलांडायची आणि नंदुरबारच्या मिरचीच्या ठसक्यात शिरायचं, एवढा तेव्हा माझा संसार. शाळेत मला कुणी घातलं नाही. मैलाचे दगड आणि ट्रकांच्या पाठी वाचून मी अक्षरं शिकले. गुजरातीसुद्धा वाचते. चूक काढून दाखवा.

महामार्ग सुरू झाला त्या आठवड्यात रतनलाल शेटनी वळणावरचं दुकान हलवलं, पत्रेसुद्धा नेले. मग एसटी गेली. मग दूधवाला. शेवटी कुत्रीही पलीकडे जाऊन बसू लागली. आता दिवसभर मी महामार्गाची घरघर ऐकते आणि ऊन खाते.

यंदा फाल्गुनात कौसाबाई माझ्याकडे आली. पाच वर्षं सुरतेला मुलाकडे होती, नातवंडं सांभाळायला. दिवाळीला गावी परतली आणि दिराकडून, भाईदासकडून, शेताचा एक कोपरा पेरायला मागून घेतला. त्यात हरभरा निघाला, जेमतेम दोन पोत्यांचा. त्याचे भारे डोक्यावर आणून तिने माझ्या अंगावर पसरले.

आमच्याकडे कडधान्य असंच मळतात. वाळलेली झाडं सडकेवर टाकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी ती तुडवायची. ड्रायव्हर शिव्या देतो, पण चाक कडेला घेत नाही. तिसऱ्या प्रहराला घाटे फुटून दाणे मोकळे. कायद्यात बसत नाही म्हणतात. मला मात्र त्या दिवसांत आपण सुगीला लागलोय असं वाटायचं.

कौसाबाई कडुनिंबाखाली बसली. तेवढ्यात भाईदास सायकल हातात धरून आला.

"वहिनी, आठे आते कोन येस? समद्या गाड्या नवा रोडवर जातस."

"सडक शे ना ही? मंग गाडी येई."

"मशीनवालाले सांगू का?"

"काल सांगं मी. तो म्हणे, इतलासा हरभरासाठे मशीन पुसाले बी परवडाव नही."

"मंग नवा रोडवर पसर."

"तठे हरभरा नही, मीच मळाई जासू."

भाईदास हसला आणि निघून गेला. ती बसून राहिली.

तिचा दोन पोती हरभरा, पण माझं सगळंच पणाला लागलं होतं. या बाईने माझ्यावर भरवसा टाकला होता. आज एकही चाक आलं नाही तर ती भारे उचलून नेणार आणि पुन्हा इकडे फिरकणार नाही. मी कधी कुणापुढे पदर पसरला नाही; त्या दुपारी पसरला. एक रिक्षा तरी येऊ दे म्हटलं.

आली एक मोटारसायकल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. हरभरा पाहून तो थबकला, आणि शेतकऱ्याचं धान्य तुडवू नये म्हणून अलगद कडेच्या मातीतून गाडी काढू लागला.

"अरे भाऊ, वरथून जाय ना," कौसाबाई ओरडली.

त्याला वाटलं, बाई टोमणा मारतेय. मान खाली घालून "सॉरी, मावशी" म्हणाला आणि सुसाट गेला. असला सभ्यपणा जळो.

ऊन कललं. कौसाबाई उठली, चपला काढल्या आणि भारा बांधायला वाकली. तेवढ्यात मला दुरून ठोके जाणवले. चाकांचे नव्हते. भाईदास बैलजोडी घेऊन येत होता.

"हसीसन गया ना रे तू?" ती म्हणाली.

"हसनू. मंग घर जाईसन बैल सोडात."

तिने दोर हातात घेतला आणि मधोमध उभी राहिली. खळ्यात मध्ये लाकडी मेढ असते, तशी. बैल तिच्याभोवती फिरू लागले, ती जागच्या जागी वळत राहिली. ते खूर मी ओळखले. माणसाला आईचा हात ओळखू यावा तसे. त्याच खुरांनी मला जन्माला घातलं होतं.

दिवेलागणीच्या आत हरभरा उफणून झाला. माझ्या भेगांत अडकलेले दाणे कौसाबाईने एकेक करून नखाने टोकरून काढले. एक मी दिला नाही.

ती गेल्यापासून इकडे कुणी आलेलं नाही. पुढच्या फाल्गुनाला ती येईल की सुरतेहून बोलावणं येईल, मला ठाऊक नाही. तुम्ही कधी नंदुरबारला निघालात तर बाभळींमागे जरा वळा. माझ्यावर कुणी काही पसरलेलं दिसलं, तर कडेने जाऊ नका. वरून जा.